वाचक विचारतात : पिस्तूल चालेल, मॅगझिन नाही

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमध्ये असतो, ग्रीन कार्डधारक आहे. त्याच्याकडे ग्लॉक १७ पिस्तूल आणि १७ गोळ्यांची तीन मॅगझिन्स (पिस्तुलात बसवायच्या गोळ्यांच्या पेट्या) आहेत, सगळं रीतसर घेतलेलं. नोकरी बदलून तो गाडीने कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला चाललाय. बरोबर नेलं तर चालेल ना? – एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : पिस्तूल नेता येईल, मॅगझिन्स टेक्सासमध्येच विकून किंवा कुणाला देऊन टाकावी लागतील. टेक्सासात मॅगझिनला मर्यादाच नाही. कॅलिफोर्नियात ती १० गोळ्यांची आहे आणि त्याहून मोठं मॅगझिन राज्यात आणणं हाच गुन्हा. १७च्या मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या भरल्या म्हणून सुटका होत नाही. मोजतात ती क्षमता. कंपनीचीच १० गोळ्यांची मॅगझिन्स मिळतात, ती निघण्यापूर्वी घ्यावीत.

नळीच्या टोकाला आवाज दाबणाऱ्या सायलेन्सरसाठी आटे पाडलेले आहेत का, तेही पाहायला सांगा. तसं असेल तर तिथे ते पिस्तूल थेट बंदी असलेलं ‘असॉल्ट वेपन’ ठरतं. नसेल, तर राज्यात आणल्यापासून ६० दिवसांत कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याकडे नवीन रहिवासी म्हणून पिस्तुलाची नोंद करायची.

प्रवासात गोळ्या काढलेलं पिस्तूल कुलूपबंद पेटीत, डिकीत. डॅशबोर्डच्या कप्प्याला कुलूप असलं तरी तो धरला जात नाही. वाटेतल्या राज्यांसाठी केंद्राचा कायदा संरक्षण देतो, पण निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी बंदूक बाळगणं कायदेशीर असेल तरच. मोठ्या मॅगझिनचं पोहोचायचं ठिकाणच बेकायदा, म्हणून तिथे हा आधार उपयोगाचा नाही.

पुढेमागे आणखी कुठे बदली झाली, तर तिथले आकडे पुन्हा पाहावेत. हँडगनसाठी इलिनॉय आणि व्हरमाँटमध्ये १५, डेलावेअरमध्ये १७, न्यू जर्सीत १० (२०१८पर्यंत तिथे १५ होते). म्हणजे हेच मॅगझिन डेलावेअरमध्ये अगदी काठावर बसतं, शेजारच्या न्यू जर्सीत नदी ओलांडली की गुन्हा!

प्रश्न : जावई एच-वन-बीवर ॲरिझोनात आहेत. मित्र नेमबाजीच्या रेंजवर नेतो म्हणतोय. जावं का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : तसंच जाऊ नये. ॲरिझोनाचे नियम सैल असले तरी तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही बाळगण्यात मोडतं. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. कुठल्याही राज्याचा चालतो, शिकारीला गेलंच पाहिजे असं नाही. मात्र मुदत संपलेला नको. आधी परवाना, मग रेंज. शस्त्राच्या गुन्ह्यात देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, आणि ‘मित्राची बंदूक होती’ हे उत्तर तिथे चालत नाही.