विधानसभा अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाने व्हायची, ती उघड का केली? आणि यात बरोबर कोण होतं, आघाडी की भाजप?

नियम बदलला महाविकास आघाडीने, डिसेंबर २०२१ च्या मुंबईतल्या हिवाळी अधिवेशनात, आणि सहाएक महिन्यांनी त्याच नियमाने त्यांचाच उमेदवार पडला. उघड मतदान व्हावं हे मला पटतं, पण ज्या प्रकारे आणि ज्या वेळी ते आणलं ते अजिबात पटत नाही, आणि भाजपने नंतर जे केलं तेही नाही.

मुद्दा सगळा व्हिपचा, म्हणजे मत कसं द्यायचं याच्या पक्षाच्या आदेशाचा आहे. गुप्त मतदानात एखाद्या आमदाराने पक्षाविरुद्ध मत टाकलं तरी ते कोणी टाकलं हे कळतच नाही, म्हणजे व्हिप मोडला हे सिद्ध करता येत नाही आणि दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा, त्याच्यावर कारवाई करायला हातात काही उरत नाही. उघड मतदानात नावानिशी नोंद होते. त्यामुळे ज्याला स्वतःचे आमदार फुटायची भीती असते तो उघड मागतो आणि ज्याला समोरचे फोडायचे असतात तो गुप्त मागतो, मग तत्त्वाची भाषा दोघंही करतात.

नाना पटोले फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा देऊन काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि अध्यक्षाची खुर्ची जवळपास १७ महिने रिकामी राहिली, उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ कामकाज बघत होते. तीन पक्षांचं सरकार, क्रॉस व्होटिंगची, म्हणजे आपल्याच आमदारांनी समोरच्याला मत देण्याची धास्ती, म्हणून नियम ६ मधलं गुप्त मतदान काढून उघड मतदान आणलं, वर राज्यपालांनी निवडणुकीची तारीख मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने ठरवायची असंही घातलं. या बदलावरच्या हरकतींसाठीची मुदतही १० दिवसांवरून १ दिवसावर आणली. आणि हे चाललं होतं तेव्हा भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित होते! सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये ते निलंबन रद्द केलं, पण विरोधकांचे १२ जण बाहेर असताना सभागृहाच्या मतदानाचा नियमच बदलायचा हे चूकच होतं, मग तो नियम कितीही चांगला असो.

पुढे राज्यपाल कोश्यारींनी बदल प्रथमदर्शनी घटनाबाह्य वाटतो म्हणून निवडणुकीला परवानगी दिली नाही, भाजपचे गिरीश महाजन हायकोर्टात गेले, मार्च २०२२ मध्ये याचिका फेटाळली गेली, ते सुप्रीम कोर्टात गेले. जूनमध्ये सरकार पडलं, आणि ३ जुलैला शिंदे-फडणवीस सरकारने त्याच नव्या नियमाने अध्यक्ष निवडला. आमदार एकेक करून उभे राहिले, शिरगणती झाली, भाजपचे राहुल नार्वेकर १६४, आघाडीचे राजन साळवी १०७. काल घटनाबाह्य वाटणारी पद्धत आज कशी चालली, कोर्टात प्रकरण पेंडिंग असताना परवानगी कशी मिळाली, हे आघाडीच्या लोकांनी विचारलं आणि त्यांचा प्रश्न शंभर टक्के रास्त होता. राज्यपालांनी याचं पटेल असं उत्तर दिलेलं नाही, निदान मला तरी पटलेलं नाही.

आता भाजपची बाजू कोणी तत्त्वाची म्हणत असेल तर त्याने १२ नोव्हेंबर २०१४ आठवावा. फडणवीसांचं पहिलं सरकार, बहुमताला १४५ लागतात आणि भाजपकडे तेवढे स्वतःचे नाहीत, राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केलेला, आणि विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर! म्हणजे अध्यक्षांनी विचारायचं अनुकूल असतील त्यांनी होय म्हणा, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणा, आणि कानाला जे ऐकू येईल त्यावर निकाल. शिवसेना आणि काँग्रेसवाले पोल, म्हणजे मतांची मोजणी, मागत राहिले, अध्यक्ष हरिभाऊ बागडे म्हणाले ठराव मंजूर झालेला आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा लोक हात वर करून मोजतात हो, आणि इथे राज्याचं सरकार टिकणार की नाही हे आवाजावर ठरलं. त्या ठरावाला नेमका कोणत्या आमदाराने पाठिंबा दिला हे आजही रेकॉर्डवर नाही, आणि मतदाराच्या दृष्टीने मला हे सगळ्यात वाईट वाटतं.

गुप्त मतदानाने काय होतं त्याचं उदाहरण हवं असेल तर २० जून २०२२ ची विधान परिषद निवडणूक बघा. भाजपचे पाचही उमेदवार आले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, मतं फुटली हे सगळ्यांना दिसत होतं पण कोणाची फुटली याचा कागदावर काही पुरावा नाही, आणि त्याच रात्री शिवसेनेचे एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतला निघाले. त्याच्या १० दिवस आधी राज्यसभेची झाली होती, तिथे २००३ पासून उघड मतदान आहे, पक्षाच्या एजंटला मतपत्रिका दाखवूनच टाकावी लागते.

कोणी म्हणेल उघड मतदानाने आमदार पक्षाचा गुलाम होतो. यात तथ्य आहे, आणि त्याचा इलाज व्हिपची व्याप्ती कमी करणं हा आहे, म्हणजे सरकार पडेल असे ठराव आणि बजेट एवढ्यापुरताच व्हिप ठेवा, बाकी ठिकाणी आमदाराला मोकळं सोडा. पण मत लपवू नका, कारण तो तिथे आपल्या वतीने बसलाय आणि त्याने काय केलं हे मला माझ्या मतदारसंघात बसून कळलं पाहिजे. सुप्रीम कोर्टानेही २६ नोव्हेंबर २०१९ ला बहुमत चाचणीचा आदेश देताना गुप्त मतदान नको आणि थेट प्रक्षेपण करा असं सांगितलं होतं.

मला विचाराल तर विश्वासदर्शक ठरावाला आवाजी मतदान बंदच करावं, कोणी पोल मागो न मागो नावानिशी मोजणी व्हावी. आणि मतदानाच्या नियमात कुठलाही बदल केला तर तो पुढच्या विधानसभेपासून लागू व्हावा. पुढच्या विधानसभेत आपण सत्तेत असू की विरोधात हे आज कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे बदल करणाऱ्याला दोन्ही बाजूंनी विचार करावाच लागेल.