आधी बॅटरी, मग पुस्तक

सोलापूर

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा तू पणजोबांचा बर्मा स्टार, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं बर्माच्या आघाडीचं पदक, दाखवून गेलास तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते सहा टोकांचं पदक टेबलावर ठेवून तू विचारलंस, "काका, यांच्या तोफखान्यावरचं पुस्तक मिळेल का?" मी नीट उत्तर दिलं नाही, कारण माझं लक्ष पदकाच्या पाठीकडे होतं. घरी ते खिडकीच्या उजेडात तिरकं धर. आधी नंबर, मग 'डीव्हीआर', मग नाव, शेवटी 'आय. ए.' म्हणजे इंडियन आर्टिलरी. ब्रिटिश सैनिकांना हे स्टार कोरेच मिळाले. आपल्याकडच्यांवर नाव आहे, ही केवढी सोय झाली बघ. डीव्हीआर म्हणजे ड्रायव्हर, पण तो मोटारीचाच असेल असं धरू नकोस. डोंगरी तोफखान्यात खेचर सांभाळणाराही ड्रायव्हरच. ३.७ इंची हॉवित्झर तोफ सुटी करून आठ खेचरांवर लादायची, आणि ती खेचरं चिखलातून, चढावरून घेऊन जायचं काम या माणसांचं.

मात्र पदकावर बॅटरीचा, म्हणजे तोफखान्यातल्या तुकडीचा, नंबर नाही, आणि तो कळल्याशिवाय पुस्तक शोधायला बसू नकोस. हे मी ठेच खाऊन शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून मी एका फील्ड रेजिमेंटचा इतिहास मागवला. नंबर जुळत होता, म्हणून जवळजवळ महिन्याचा पगार घातला. पार्सल उघडलं तर त्यात सगळे इंग्लंडमधले तोफची! ब्रिटिशांच्या रॉयल आर्टिलरीचे नंबर वेगळे आणि भारतीय तोफखान्याचे वेगळे, हे मला ठाऊकच नव्हतं. विक्रेत्याने वर्णनात सैन्याचं नाव दिलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. त्या महिन्यात घरात झालेली ओढाताण मला अजून आठवते.

नंबर बदलतातही. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला लढलेली २६ वी जेकब्स माउंटन बॅटरी घे. १९०३ पूर्वी तिचा नंबर ६ होता. युद्धानंतर ती १०६ वी पॅक बॅटरी झाली आणि पुढे परत ६. चारही काळांतले कागद एकाच बॅटरीचे, पण सूचीत चार ठिकाणी विखुरलेले. १९३५ नंतरचा भारतीय तोफखाना १९४५ मध्ये 'रॉयल' झाला, म्हणून 'आर. आय. ए.' असंही शोधावं लागतं. स्पेलिंगची तीच गत. आपलं गाव त्या कागदांत 'शोलापूर' आहे, आणि मराठा लिहिताना साहेब 'एच' आधीच, 'आर'च्या अलीकडे, घालत आणि पुढे 'टी' दोन. मराठा पायदळाच्या काही पलटणींच्या दुसऱ्या महायुद्धात अँटी-टँक रेजिमेंट झाल्या. त्या तुला आजच्या स्पेलिंगने सापडणारच नाहीत.

तेव्हा आधी आजीकडची पत्र्याची पेटी उघड. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, फोटोच्या मागची शाई, सगळं बघ. बॅटरी त्यातूनच कळण्याचा संभव जास्त. नाहीच कळली तर पदकावरचा नंबर देऊन नाशिक रोड कॅम्पच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सला वारसाच्या नावाने अर्ज कर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाचा मसुदा एकदा दाखवून घे.

आता पुस्तकांकडे येतो. हे इतिहास दुर्मीळ का, ते समजलं की कुठे शोधायचे तेही समजतं. मे १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपलं आणि घरी जायची वाट बघत बसलेल्या किती तरी ब्रिटिश रेजिमेंटांनी तिथेच, जर्मनीतल्या छापखान्यांत, आपापला इतिहास छापून घेतला. प्रती मोजक्या, त्याही आपल्याच जवानांपुरत्या. त्यांवर किंमत नाही, बऱ्याचदा प्रकाशकाचं नावही नाही. असं पुस्तक दुकानात येतं ते कुणाचं तरी घर आवरताना. शीर्षकात 'आर्टिलरी' शब्द असेलच असं नाही. विकत घेण्याआधी दोन गोष्टी विचारायच्याच: शेवटचे घडीचे नकाशे जागेवर आहेत का, आणि नावांची यादी पूर्ण आहे का. नकाशे फाडून नेलेल्या प्रती खूप फिरतात.

भारतीय डोंगरी तोफखान्याचा मोठा इतिहास सी. ए. एल. ग्रॅहॅम यांनी लिहिला, ऑल्डरशॉटच्या गेल अँड पोल्डनने तो १९५७ मध्ये छापला. सुरुवात तिथून कर. ब्रिटिश रेजिमेंटांसाठी आर्थर व्हाइट यांची १९६५ ची सूची आहे. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने बसलास की सकाळी सीएसएमटी. तिथून चालत एशियाटिक सोसायटी. दिल्लीला युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनचं ग्रंथालय आहे, तिथे आधी पत्र पाठव. इंटरनेट अर्काइव्हवर आपल्याकडच्या ग्रंथालयांतली स्कॅन केलेली पुस्तकं आहेत, पण शीर्षकं इतकी चुकीची टाइप झालेली असतात की मुद्दाम अशुद्ध लिहूनही शोधावं.

मात्र ग्रॅहॅमच्या पुस्तकात पणजोबांचं नाव निघण्याची आशा फार धरू नकोस. हे इतिहास अधिकाऱ्यांनी लिहिले. कोणता मेजर कोणत्या टेकडीवर होता ते त्यात सापडतं, पण त्या टेकडीवर तोफ चढवणाऱ्यांची नावं बहुधा नसतात. मला याचं वाईट वाटतं, अजूनही. म्हणून युद्धदैनंदिनी बघायच्या. रणांगणावरचं प्रत्येक युनिट रोज एका छापील फॉर्मवर जागा, तारीख, वेळ आणि घटना लिहीत असे. बर्माच्या आघाडीवरच्या दैनंदिनी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये 'डब्ल्यूओ १७२' या मालिकेत आहेत. तिथे स्वतःच्या कॅमेऱ्याने फुकट फोटो काढू देतात. इंग्लंडमध्ये शिकणारा तुझा एखादा मित्र असेल तर त्याला एक दिवस माग. शौर्यपदकांच्या शिफारशी 'डब्ल्यूओ ३७३' मध्ये आहेत. हवालदार उमराव सिंग यांनी १५-१६ डिसेंबर १९४४ च्या रात्री बर्मातल्या कलादान खोऱ्यात तोफ कशी राखली, शेवटी हातात फक्त लोखंडी दांडा उरला तरी कसे लढले, हे त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्यपदकाच्या मानपत्रातूनच जगाला कळलं. तेही ३० माउंटन रेजिमेंटचे, डोंगरी तोफखान्याचेच.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादीही बघ. रंगूनच्या स्मारकावर जवळजवळ २७,००० नावं आहेत, ज्यांना ज्ञात कबर नाही अशांची. रेजिमेंट घालून शोधता येतं, आणि कित्येकांपुढे वडिलांचं नाव, गाव, जिल्हा आहे. तिथे 'शोलापूर' टाइप केलंस की तुझ्या पणजोबांच्या बरोबरीची माणसं भेटतील. बार्शी, करमाळा, माढा, अशी गावं निघाली तर वहीत उतरवून घे. त्या घरांतही अशाच पेट्या असतील, आणि त्या रद्दीत जायच्या आत आपल्याला पोचायचं आहे.

आजीला एवढं विचार: तिचे सासरे खेचरांबद्दल काही बोलायचे का? खेचराचं नाव, एखादी शिवी, पावसाची गोष्ट, जे सांगेल ते तिच्याच शब्दांत मोबाइलवर घे, सुधारू नकोस. रविवारी येताना डिस्चार्ज बुक आण, पण प्लॅस्टिकमध्ये नको, कागदाला ओल धरते. माझ्याकडचं भिंग काढून ठेवतो.

कळावे,
तुझा काका