इथेही उद्या रस्ता आला तर?

शहर सोडून कुठंतरी निवांत जमीन घ्यायची, साधं घर बांधायचं आणि उरलेलं आयुष्य तिथं काढायचं, हे स्वप्न घेऊन माझ्याकडे कुणी येत नाही. स्वप्नासाठी समुपदेशक लागत नाही. लोक येतात ते पुढच्या प्रश्नासाठी. आज शांत असलेल्या जागेशेजारी उद्या रस्ता, क्रशर नाहीतर रिसॉर्ट आलं तर? आयुष्याची पुंजी घालून पुन्हा तेच नशिबी आलं तर? पन्नाशीच्या आसपासच्या जोडप्यांना हा घोर हल्ली फार लागलेला दिसतो. त्यातल्या एका जोडप्याबद्दल लिहिते. त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

दादा ५४ वर्षांचे. पुण्यात खराडीला सहाव्या मजल्यावर फ्लॅट, शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम चालू. फोन वहिनींनी केला होता. "हे जागा बघत सुटलेत, घेत मात्र एकही नाहीत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर नकाशे बघतात. डोक्यावर परिणाम झालाय की काय, असं वाटायला लागलंय मला."

दादा येताना फाईल घेऊनच आले. प्रत्येक जागेचा एक कागद, खाली लाल शाईत नापसंतीचं कारण. मुळशीतली जागा धरणाच्या पाण्याकडे तोंड करून होती, पण शेजारी सामायिक सातबाऱ्यावर पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे पाडून 'फार्महाऊस प्लॉट' विकलेले, शनिवारी रात्री तिथे डीजे. पौडच्या पुढची जागा छान होती, समोरच्या टेकडीला खडी क्रशर लागलेला. भोर तालुक्यातली रिंग रोडच्या आखणीजवळ निघाली. पुरंदरमध्ये मन बसलं होतं, तर तिथे सात गावांत विमानतळ. मग म्हणे आणखी लांब जाऊ, म्हणून जावळीत गेले. तिकडे 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पासाठी सातारा जिल्ह्यातली २३५ गावं एका विशेष नियोजन प्राधिकरणाखाली आधीच गेलेली.

मी फाईल चाळली आणि वहिनींना सांगून टाकलं की यातली एकही भीती मनची नाही. माणूस नीट चौकशी करतोय. पुण्याभोवतीच्या शंभर किलोमीटरमध्ये आज डोळसपणे जागा बघणाऱ्याला असंच दिसणार. घरच्यांना ही चौकशी वेडेपणा वाटते आणि मग तो माणूस आणखी एकटा पडून आणखी नकाशे बघतो. दादांचा चेहरा तेवढ्यानेच जरा सैल झाला.

पण चौकशी खरी असली तरी रात्री दोनला करायची नसते. म्हणून आमचं पहिलं काम जमिनीचं नव्हतंच, झोपेचं होतं. शेजारच्या कामावर रात्री अकरानंतर काँक्रीटचे मिक्सर यायचे, मागे घेताना वाजणारा तो भोंगा थेट यांच्या बेडरूमखाली. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करणारी बांधकाम यंत्रं चालवायला मनाई आहे आणि रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. दादांना हे पाठ होतं. तक्रार मात्र केली नव्हती. "काय उपयोग?" सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी अर्ज गेला, त्यानंतरही गाड्या आल्या त्या रात्री ११२ ला फोन गेले. गाड्या बंद झाल्या नाहीत, पण बऱ्याच कमी झाल्या. शिवाय दोघं मागच्या खोलीत झोपायला लागले. एवढ्याने काय होतं असं वाटेल, पण महिनाभर झोप झालेला माणूस वेगळा बोलतो. आधी झोप, मग जमीन, हा माझा हट्ट असतो. झोप उडालेल्या डोक्याने काहीजण पहिली दिसेल ती जागा घेऊन मोकळे होतात, काहींना दादांसारखी एकही घेववत नाही.

त्यानंतरच्या एका भेटीत मी विचारलं, "काय ऐकू यायला नको ते या फाईलमध्ये आहे. काय ऐकू यायला हवं?"

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "विहिरीवरचं इंजिन."

डिझेल इंजिन! टुकटुक करत, काळा धूर सोडत चालणारं. ज्या आवाजाला आज ते लाल शाईने फुली मारतील, तोच त्यांना हवा होता. मग गोष्ट निघाली. दादा खराडीचेच. तेव्हा ते गाव होतं, नदीकाठची बागायत होती. १९९७ मध्ये गाव पुणे महापालिकेत आलं, पुढे आयटी पार्क आले, आणि २००३ च्या सुमारास वडिलांनी जमीन विकली. दादा तिशीत होते. कुणी विचारलं नाही. बोट दाखवलं तिथे सह्या केल्या. पैसे आले, त्यातूनच हा फ्लॅट झाला, भावंडांचीही घरं झाली, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. गेली वीस वर्षं कामावर जाताना रोज ते त्या विहिरीच्या जागेवरून जातात. तिथे आता पार्किंग आहे.

घरात मयत झालं की चार माणसं येतात, दहावा-तेरावा होतो. शेत गेल्यावर पेढे वाटतात. दादांच्या वडिलांनीही वाटले होते. मग ते दुःख कुठे जाणार? दादांच्या बाबतीत ते प्रत्येक नव्या जागेवर जाऊन बसत होतं. त्यांना नुसती शांत जागा नको होती, पुन्हा कधीही हिरावली जाणार नाही अशी जागा हवी होती, आणि अशी जागा कुठल्याच गटनंबरात नसते. हे त्यांना मी सांगायची गरज पडली नाही. इंजिनाबद्दल बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ते जाणवलं असावं, कारण पुढच्या वेळी ते फाईल न घेता आले.

आता वहिनींकडे वळते. खरं तर आधीच वळायला हवं होतं असं त्यांचं म्हणणं पडेल. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आपण शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. दादांच्या वडिलांनी सगळीच जमीन विकल्यामुळे दादांचं नाव कुठल्याही सातबाऱ्यावर उरलेलं नव्हतं. वहिनींचं होतं. वाई तालुक्यातलं माहेर, वडील गेल्यावर भावाबरोबर वारस म्हणून नाव लागलेलं. म्हणजे जमीन घेतली तर ती वहिनींच्या नावावर होणार. आणि इतकी शोधाशोध झाली, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. वडिलांनी दादांना जसं बोट दाखवून सही करायला लावली, तसंच दादा त्यांना लावणार होते. मी हे त्यांच्या समोर, त्यांच्या बायकोसमोर म्हणाले. दादा रागावले. त्यांनी रागावावं अशीच माझी इच्छा होती.

वहिनी मग बोलल्या. "शांतता मी बघितलीय. रात्री विंचू चावला की कळते शांतता." लहानपणी एप्रिल-मेमध्ये पाण्याच्या खेपा, पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नाही, आणि आता स्वतःला बीपी. जंगलाच्या कडेला एकटं घर त्यांना नकोच होतं. संध्याकाळी आजूबाजूला चार घरांत दिवे दिसायला हवेत, मारलेली हाक कुणाला तरी ऐकू जायला हवी, दवाखाना पाऊण तासाच्या आत हवा. दादांना गावठाणापासून होईल तितकं लांब जायचं होतं, त्याचं कारणही बिनतोड होतं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतची जमीन बिगरशेती करणं सोपं, म्हणजे घरं आधी तिथेच उठणार. दोघांची टोकं अशी दोन दिशांना.

माझा सल्ला अशा वेळी ठरलेला असतो. घेऊ नका, आधी भाड्याने राहा. लोकांना हे पटत नाही, "तोवर भाव वाढतील" म्हणतात. वाढू देत. चुकलेल्या जमिनीचा भाव वाढून तुम्हाला झोप येणार नाही. एक पावसाळा आणि एक लग्नसराई गावात काढा. पावसाळ्यात रस्ता आणि वीज कळते, मे महिन्यात वरातीतला डीजे, जत्रा आणि पाणी कळतं. गाव म्हणजे काही शहरातल्या थकलेल्यांसाठी राखलेली शांतता नव्हे. तिथे हरिनाम सप्ताहाला कर्णा लागतो, ट्रॅक्टरवर गाणी लागतात, पहाटे पंप सुरू होतात.

माहेराहून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात त्यांनी दोन खोल्या घेतल्या. दादांनी कामाचे दिवस कमी करून घेतले. तिथला एक प्रसंग वहिनींनी सांगितला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. पारावर दादा कुणाला तरी म्हणाले, इकडे रस्ता झाला नाही तेच बरं. समोरचे आजोबा शांतपणे म्हणाले, "तुम्हाला बरं. आमची सून बाळंतपणाला जीपमधून नेताना वाटेत बाळंत झाली. वीस वर्षं आम्ही त्याच रस्त्यासाठी खेटे घालतोय." दादा घरी येऊन जेवले नाहीत. ज्याला आपण आक्रमण म्हणतो त्याची कुणीतरी वाट बघत असतं, हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. मला विचाराल तर, जिथला रस्ता होऊ नये अशी मनातून इच्छा धरावी लागते तिथे घर बांधूच नये. शेजाऱ्याच्या गैरसोयीवर आपली निवांत संध्याकाळ उभी राहिली, तर ते शेजारी कधी आपले होत नाहीत.

यानंतर शोध वेगळ्या पद्धतीने झाला. आता ते कधीच काही न येणारी जागा शोधत नव्हते. काय येऊ शकतं आणि त्यातलं काय चालेल, हे बघत होते. प्रादेशिक आराखड्यात त्या गटाचा आणि शेजारच्या गटांचा विभाग कोणता, सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात काय नोंदी, वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन आहे का, कूळ आहे का. १:५ पेक्षा तीव्र (पाच फुटांत एक फुटाहून जास्त) उतारावर बांधकामाला परवानगी नसते, म्हणून ज्याच्या वरच्या अंगाला असा उतार किंवा राखीव वन आहे तो गट त्यातल्या त्यात सुरक्षित. दोन मोठ्या गावांना जोडणारी वाट नको, गावात येऊन संपणारा रस्ता हवा. तो रुंद झाला तरी त्यावरून गावचीच गाडी जाणार. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या यादीत गाव आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, हेही मी सांगते. २०१४ पासून मसुद्यांवर मसुदे निघालेत, मसुद्याच्या भरवशावर पुंजी लावायची नसते. शेतघराची परवानगी एक एकराच्या आतल्या तुकड्यावर मिळत नाही, त्यामुळे स्वस्त तुकडे आपोआप बाद झाले.

आणि एक प्रश्न दोघांनी एकमेकांना विचारून, आकडा कागदावर लिहायचा होता. किती वर्षं ही जागा अशीच राहिली तर पैसे वसूल झाले असं वाटेल? दादांनी आधी 'कायम' लिहिलं, मग खोडून वीस केलं. वहिनींनी दहा लिहिलं आणि म्हणाल्या, "त्यानंतर मला तसंही लेकीजवळ राहायचंय." हे दादांना तेव्हाच कळलं! मधला पंधराचा आकडा ठरल्यावर मात्र भीतीला हद्द मिळाली. कायमच्या शांततेची हमी शोधणारा माणूस थकतो. पंधरा वर्षांचा अंदाज बांधणं जमण्यासारखं असतं.

सव्वा एकर ठरली आहे. गावठाणापासून हाकेच्या अंतरावर, मागे वनखात्याची हद्द. शेजारच्या गोठ्यात पहाटे साडेपाचला कडबाकुट्टी सुरू होते, दादांनी ते स्वतः जाऊन ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलंसुद्धा, पण निळ्या शाईत. खरेदी वहिनींच्या नावावर होईल. मोजणीचा अर्ज दिला आहे, ती झाल्याशिवाय विसार द्यायचा नाही यावर वहिनी ठाम आहेत. मागच्या आठवड्यात दोघं पुन्हा आले होते, विहीर पाडायची की बोअर घ्यायची यावरून भांडत. दादांना विहीरच हवी. मी म्हटलं, हे भांडण माझ्याकडे नको, पाणी बघणाऱ्या भूवैज्ञानिकाकडे न्या.