बेटांवरच्या उंदरांच्या जाती संपल्या, मग आपल्या शेतातले उंदीर का संपत नाहीत?

औषध घालून आणि पिंजरे लावूनही आपल्याकडचे उंदीर हटत नाहीत, मग बेटांवरचे उंदीर आणि चिचुंद्र्या कायमच्या नामशेष कशा झाल्या, असे आपण विचारले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात कापूस आणि तूर घेतो. आमच्या धुऱ्यावरची बिळे कितीही बुजवली, तरी नाल्यापलीकडच्या शेतांतून उंदीर पुन्हा येतातच. बेटाला असा शेजार नसतो, त्यामुळे तेथे झालेली घट बाहेरून भरून निघत नाही.

परंतु एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. जावाच्या दक्षिणेस असलेल्या ख्रिसमस बेटावर मॅक्लियरचा उंदीर आणि बुलडॉग उंदीर या दोन जाती होत्या, ज्या जगात इतरत्र कोठेही नव्हत्या. १८९७-९८ मध्ये चार्ल्स अँड्र्यूज हे अभ्यासक तेथे राहिले, तेव्हा मॅक्लियरच्या उंदरांचा सुळसुळाट असा होता की, सूर्यास्तानंतर ते तंबूत शिरत आणि झोपलेल्या माणसांच्या अंगावरून धावत. १९०८ मध्ये अँड्र्यूज परत गेले, तेव्हा त्यांना दोन्हींपैकी एकही जात सापडली नाही.

मधल्या काळात, १८९९ च्या सुमारास, जहाजातून काळे उंदीर बेटावर उतरले होते. पाहुण्यांनी अन्न बळकावले म्हणून स्थानिक संपले, हे नेहमीचे स्पष्टीकरण मला येथे लंगडे वाटते, कारण भर दिवसा वाटेवर मरणाला टेकलेले उंदीर त्या काळी प्रत्यक्ष पाहिले गेले होते. संग्रहालयांत जपलेल्या कातड्यांतील डीएनए तपासून २००८ मध्ये असे आढळले की, काळे उंदीर येण्यापूर्वीच्या नमुन्यांत रोगाचा मागमूस नव्हता, नंतरच्या काही नमुन्यांत मात्र पिसवांमार्फत पसरणारा रक्तातील परजीवी होता. काळ्या उंदरांना तो पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेला होता. बेटावरच्यांची त्याच्याशी कधी गाठच पडली नव्हती.

प्रत्येक बेटाची कथा रोगाचीच असते असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील ब्रॅम्बल के या जेमतेम तीन मीटर उंचीच्या बेटावरील मेलोमिस हा उंदीर २००९ नंतर दिसला नाही. वारंवार आत घुसणाऱ्या समुद्राच्या पाण्याने त्याचा झाडोराच नाहीसा केला होता.

चिचुंद्रीचे म्हणाल, तर ख्रिसमस बेटावर तिचा तीक्ष्ण आवाज अँड्र्यूज यांना रात्री चोहीकडून ऐकू येत असे. पुढे १९८५ मध्ये तिच्यापैकी दोनच जिवंत सापडल्या, आणि २०२५ मध्ये ती जात अधिकृतपणे नामशेष ठरली.