सोलापूरच्या उन्हात, कमी पाण्यावर जमीन झाकणारे कोणते फुलझाड लावावे?

नळाचे पाणी चार-पाच दिवसांआड येते आणि अंगणात दिवसभर ऊन असते, असे आपण लिहिले आहे. अशा जागेसाठी मी निःशंकपणे चिनी गुलाब, म्हणजेच ‘ऑफिस टाइम’, सुचवेन. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले असून त्याच्या सुईसारख्या मांसल पानांत पाणी साठलेले असते, त्यामुळे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर गेला तरी ते तग धरते.

खरी अडचण पाण्याच्या टंचाईची नसून आपल्याकडच्या काळ्या मातीची आहे. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून वरच्या अर्ध्या फुटात जाड वाळू किंवा बारीक मुरूम निम्म्याने मिसळावा आणि वाफा जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवावा. बोटभर लांबीचे शेंडे तोडून वीतभर अंतरावर खोचले की आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. त्यानंतर बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. खत अगदी बेताचे घालावे, कारण जास्त खताने पालाच माजतो. सावलीत मात्र हे मुळीच लावू नये. ढगाळ दिवशीसुद्धा याच्या कळ्या मिटलेल्याच राहतात.