“म्याडम, मी शेवटची आली तं?”

भंडारा-गोंदियाच्या या धानपट्ट्यात समुपदेशन करताना एक वाक्य मी फार तोंडांतून ऐकलंय. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुली ते म्हणतात, बचत गटाच्या मेळाव्यात पहिल्यांदा माईकपुढे उभ्या राहणाऱ्या बाया म्हणतात, चाळिशीत दहावीला बसणाऱ्याही म्हणतात. “म्याडम, मी शेवटची आली तं?” अलीकडे ते ट्रायथलॉनच्या, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीच्या निमित्तानं माझ्यासमोर आलं, आणि त्या पाच भेटींत मला या वाक्याविषयी जेवढं कळलं तेवढं आधीच्या कित्येक वर्षांत कळलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

नाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. त्यांना ताईच म्हणू. वय ३८, अंगणवाडीत मदतनीस. घर ते अंगणवाडी रोज सायकल. वडील गावतलावात जाळं टाकायचे, त्यामुळे पोहणं अंगात लहानपणापासून. आमच्याकडे याचं कुणाला नवल नाही. कोहळी लोकांनी जुन्या काळी बांधून काढलेले तलाव आणि बोड्या (छोटे तलाव) गावोगाव आहेत, धानाला पाणी अजून तिथूनच मिळतं. शहराजवळच्या एका तलावावर बायांसाठी छोटी ट्रायथलॉन होणार असल्याचं गावातल्या शिक्षिकेनं सांगितलं. ४०० मीटर पोहणं, १० किलोमीटर सायकल, अडीच किलोमीटर धावणं, तिन्ही एकापाठोपाठ. ताईंच्या बचत गटातल्या बायांनी बैठकीत ठराव केला आणि ताईंची प्रवेश फी गटाच्या पैशातून भरली. फी भरल्याची पावती मोबाइलवर आली त्या रात्रीपासून ताईंची झोप गेली.

पहिल्या भेटीत त्या एका दमात बोलत होत्या. कपडे कोणते घालायचे, पाळी आली तर काय, गर्दीत पाण्यात दम कोंडला तर, सायकल साधी आहे, ओल्या पायांना बूट चढतील का, लोक काय म्हणतील, गटाचे पैसे वाया गेले तर. मी वहीत मधोमध रेघ मारली. एका बाजूला माहितीनं सुटतील असे प्रश्न, दुसऱ्या बाजूला उरलेले. माझं याबाबत ठाम मत आहे : माहितीची भूक असलेल्या माणसाच्या पानात धीराचे शब्द वाढू नयेत. “घाबरू नका” म्हणण्यापेक्षा हेल्मेटचा नियम सांगणं जास्त उपयोगी पडतं. त्यामुळे पहिल्या दोन भेटी आम्ही जवळजवळ फक्त माहितीवर घालवल्या. आयोजकांना फोन केले, स्पर्धकांसाठीची पुस्तिका ओळ न ओळ वाचली. तुमच्यापैकी कुणी जाणार असाल तर तुम्हीही हेच करा, कारण बारीकसारीक नियम प्रत्येक स्पर्धेत बदलतात.

कपड्यांचा प्रश्न सर्वांत मोठा वाटत होता, पण तो सर्वांत आधी सुटला. अंगाला घट्ट बसणारा आणि लवकर वाळणारा एकच पोशाख घालून तिन्ही टप्पे करता येतात. गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा पोशाख चालेल असं आयोजकांनी सांगितलं. सुती सलवार-कुर्ता मात्र पाण्यात नको. तो भिजला की जड होतो आणि पाय ओढतो. पाळीतही पोहता येतं, त्यानं काही बिघडत नाही. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरायचा असेल तर आधीच्या एक-दोन पाळ्यांत सवय करून घ्यावी, शर्यतीच्या सकाळी पहिला प्रयोग नको. खाण्याचंही तसंच. शहरात मुक्काम आहे म्हणून आदल्या रात्री सावजी रस्सा किंवा सकाळी तर्री-पोहे, हा मोह टाळायचा. रोजचं वरण-भात, आणि सकाळी सुरुवातीच्या दोन-तीन तास आधी पोटाला सोसेल असं काहीतरी.

पाण्याबद्दल आम्ही बराच वेळ बोललो. ताईंना पोहता येतं, पण ते डोकं वर ठेवून, तलावात एकटीनं. आजूबाजूला वीस-पंचवीस जणींचे हातपाय चालत असले की चांगल्या पोहणारीचाही श्वास अडकतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं, आत घेतलेला श्वास ती सोडतच नाही. फुप्फुसं भरलेली, तरी हवा कमी पडतेय असं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे पाण्यात तोंड असताना बुडबुडे काढत श्वास सोडत राहणं. कोणत्याही पद्धतीनं पोहलेलं चालतं. दम लागला तर उताणं व्हावं, हात वर करावा, बचावाच्या नावेला किंवा तरंगत्या खुणेला धरून थांबावं. धरून पुढे सरकलं नाही तर त्यात काही नियमभंग नाही. सुरुवातीला कडेला आणि मागे उभं राहावं, पुढच्या घोळक्याला जाऊ द्यावं. ताईंनी भाऊ आणि डोंगा सोबत घेऊन गावतलावात सराव केला, आणि दोन भाच्यांना मुद्दाम शेजारी पाणी उडवायला लावलं. ती कल्पना त्यांची स्वतःची होती, मला फार आवडली.

पोहून आल्यावर सायकल जिथे लावलेली असते ती जागा आदल्या दिवशी बघून ठेवावी, जवळचं झाड किंवा खांब लक्षात ठेवावा. टॉवेल पसरून सामान लागेल त्या क्रमानं मांडावं. हेल्मेट डोक्यावर घालून पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर सायकल जागेवर लावल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. ठरलेल्या रेषेच्या आत सायकलवर बसायचं नाही, हातात धरून न्यायची. मोज्यांत थोडी पावडर टाकली की ओला पाय सरकन जातो. सायकलवरून उतरून धावायला लागलं की पाय आपले राहत नाहीत, लाकडासारखे होतात. म्हणून आठवड्यातून एक-दोनदा तरी सायकल चालवून लगेच दहा मिनिटं धावावं. ताई अंगणवाडीतून परतताना गावाच्या वेशीवर सायकल पोराच्या हाती द्यायच्या आणि घरापर्यंत धावायच्या.

तिसऱ्या भेटीपर्यंत वहीतली डावी बाजू पूर्ण खोडली गेली होती. उजव्या बाजूला एकच ओळ उरली होती, “शेवटची आली तं?”, आणि झोप अजून आलेली नव्हती.

“घरचे काय म्हणतात?”

“मालक म्हनतात, तू तं मासोळी हायेस, तू कायले शेवटची येशीन? गटातल्या बाया बी हेच म्हनतात.”

“मग बरं वाटतं?”

“घडीभर. मंग अजून जास्त भेव वाटते.”

हे होतंच. “तू शेवटची येणार नाहीस” या वाक्यात शेवटचं येणं काहीतरी भयंकर आहे हे कबूल करून टाकलेलं असतं. प्रेमानं दिलेला हा दिलासा भीतीला खतपाणी घालतो. मी ज्या विचारानं काम करते त्यात अशा वेळी उलट दिशेनं जातात.

“ताई, तुम्ही शेवटच्या येऊ शकता.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. राग आला होता.

“समजा, आलातच. सगळ्या पोचल्या, तुम्ही एकट्या रस्त्यावर. पुढे काय?”

“लोक हासतीन.”

“हसले. पुढे?”

“गटातल्या बाया म्हनतीन, पैसे पान्यात गेले.”

“म्हणाल्या. पुढे?”

“पुढे काय... मी काईच कामाची नाही, असं होईन.”

मला हवं होतं ते इथं दिसलं. शर्यतीत मागे राहणं ही एक घटना. “मी काहीच कामाची नाही” हा त्यावर दिलेला निकाल. तो निकाल कुणी दिला, कोणत्या कलमाखाली दिला, हे मी शोधत होते.

त्या दिवशी मी त्यांना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. १९९० साली तिथं डॅन्स्किन नावानं फक्त बायांच्या ट्रायथलॉनची मालिका सुरू झाली. सॅली एडवर्ड्स नावाची कसलेली ट्रायथलॉनपटू त्या मालिकेचा चेहरा होती. ती प्रत्येक शर्यतीत मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहून पूर्ण करायची, म्हणजे पहिल्यांदा आलेल्या कोणत्याही बाईवर शेवटचं येण्याची वेळ येऊ नये. ही गोष्ट मला मनापासून आवडते. ताईंनी नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “त्या मोठ्या बाईनं केलं म्हनून शोभलं. मी शेवटची आली तं खरीखुरी शेवटची येईन.” त्यांचं बरोबर होतं. शिवाय सॅलीबाईंच्या या मायेतही शेवटच्या जागेपासून बायांना वाचवायचंच होतं. दुसऱ्याच्या अंगणातलं उदाहरण कितीही सुंदर असलं तरी ते ऐकणाऱ्याच्या मुळापर्यंत जात नाही, हे मी त्या दिवशी पुन्हा शिकले.

जाताना मी एक काम दिलं. आठवडी बाजाराच्या दिवशी नवं हेल्मेट घालून, पट्टा लावून, सायकलवर पूर्ण बाजारातून एक फेरी मारायची. सावकाश, भाजीच्या ओळीतून. हेल्मेटची सवय होईल असं मी सांगितलं आणि ते खरंही होतं. पण मुख्य हेतू हसू अंगावर घेण्याचा होता. हसण्याची भीती बोलून कमी होत नाही, ते हसू एकदा अंगावरून जाऊ द्यावं लागतं.

चौथ्या भेटीला त्या आल्या त्याच मुळी सांगत. “हासले ना म्याडम! वांगेवाला म्हने, ताई चंद्रावर चालली का? पोट्टे मागं धावले.”

“मग?”

“मंग काय, वांगे घेतले अन् घरी गेली.”

दार किलकिलं झालं होतं. बाहेर धानाचे ढीग चुरून झालेले, शेतं रिकामी. त्यावरून बोलणं रोवण्यावर, म्हणजे धानाच्या लावणीवर गेलं. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं खाचर, आणि पात म्हणजे रोवताना एकेकीच्या वाट्याला येणारा पट्टा. मी ठरवून नेलं असं म्हणायला मला आवडेल, पण ते सहज गेलं. मी फक्त ते सोडलं नाही.

“रोवण्याला एका बांधीत किती बाया असतात?”

“दहा-बारा.”

“सगळ्यांचा हात सारखा चालतो?”

“कसा चालन? एखादी म्हातारी असते, एखादी लेकुरवाळी, एखादीचा हातच नवा असते.”

“म्हणजे एकीची पात मागे राहते.”

“राह्यते ना. रोज कोनाची ना कोनाची राह्यतेच.”

“तिला काय म्हणता?”

“काय म्हनाचं? म्हन्तो, चाल वं बाई, चहा थंडा होऊन राह्यला. मंग दोघीजनी तिची पात घेतो अन् उरकवतो.”

“ती बाई कामाची नाही असं म्हणता?”

“असं कायले म्हनू? पात मागं राह्यली. बाई थोडीच...”

त्या थांबल्या. वाक्य पूर्ण केलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि बऱ्याच वेळानं तेच पुन्हा म्हणाल्या, या वेळी हळू आणि पूर्ण. “पात मागं राह्यते. बाई मागं नाही राह्यत.” मग डोळे भरले आणि तीन भेटींत न निघालेली गोष्ट निघाली. सातवीत असताना शाळेच्या खेळांत त्या धावण्यात शेवटच्या आल्या होत्या आणि एका शिक्षकांनी माईकवरून त्यांना “गोगलगाय” म्हटलं होतं. शाळा सुटेपर्यंत तेच नाव राहिलं. “तवा बी पातच मागं राह्यली होती ना म्याडम? मंग नाव मले काऊन ठेवलं?”

मी काही बोलले नाही. बोलायला काही उरलंही नव्हतं. मी तीन भेटी येणाऱ्या शर्यतीतली भीती धुंडाळत होते, आणि निकालपत्र सातवीच्या मैदानात लिहिलं गेलं होतं. ते खोडायचा शब्दही माझ्या पुस्तकांतून आला नाही, त्यांच्या बांधीतून आला. या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, की उत्तर समोरच्या माणसाच्या भाषेत सापडतं, आपण प्रश्न चिवटपणे विचारत राहायचे. त्या दिवशी ते जमलं याचं समाधान मला अजून आहे.

तरी मी त्यांना सोपं सोडलं नाही. “ताई, तिथं तुमची पात घ्यायला कुणी येणार नाही. बाहेरच्यानं मदत केलेली नियमात बसत नाही. आणि लोक हसूही शकतात.”

“हासतीन तं हासतीन. बाजारात नाही हासले का?”

एक सांगून ठेवते. कुणाला पाण्यात छातीत दुखणं, चक्कर, बसल्या जागी धडधड असं काही होत असेल तर ती काळजी माझ्याकडे आणू नये, आधी डॉक्टरांकडे न्यावी. पोहायला येत नसेल तर शिकवणाऱ्याच्या नजरेखाली शिकावं, गावतलावात एकटीनं उतरू नये. धीर आणि धाडस या वेगळ्या गोष्टी आहेत.

शर्यतीनंतर दहा-बारा दिवसांनी ताई पाचव्यांदा आल्या. शेवटच्या आल्या होत्या. खरोखर, सगळ्यांत शेवटच्या, पण दिलेल्या वेळेच्या आत. पाण्यात एकदा दम कोंडला, उताण्या झाल्या, नावेला धरून थांबल्या, मग पुढे निघाल्या. धावताना रस्ता जवळजवळ रिकामा होता.

“कसं वाटलं?”

“वाईट वाटलं.” जरा विचार करून म्हणाल्या, “लाज नाही वाटली. वाईट वाटलं. पोहन्यात लय वेळ गेला माहा.”

लाज माणसाला घरात बसवते, वाईट वाटणं सरावाला पाठवतं. मला त्यांच्या तोंडून नेमका हाच फरक ऐकायचा होता, आणि मी तो त्यांना कधी शिकवलेला नव्हता.

“गटातल्या बाया काय म्हणाल्या?”

“इचारलं, कितवी आली. म्हटलं, शेवटची. तं म्हने, मंग पुढच्या बारीले आपल्या गटातून अजून दोघी पाठवू, एकटी कायले जातेस.” पिशवीतून त्यांनी पोहण्याचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. “यातून पानी शिरते म्याडम. पट्टा ढिल्ला हाये का माहं तोंडच लहान हाये, पाहा बरं.”