सोडतीच्या आधीचा हिशेब

चिरंजीवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लालबाग-परळमधल्या कुटुंबांना घराचे अर्ज भरण्यासाठी मदत करण्याचे काम तू अंगावर घेतलेस, हे कळल्यावर समाधान वाटले. समोर येणाऱ्या माणसाला आधी कोणती योजना समजावून सांगावी, असे तू विचारले आहेस. माझ्या मते योजना मागाहून सांगावी; आधी त्या कुटुंबाचा महिन्याचा जमाखर्च मांडून घ्यावा. म्हाडाच्या, म्हणजे राज्य सरकारच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, सोडतीतल्या घराची किंमत जाहिरातीत छापलेली असते आणि सगळ्यांचे डोळे त्या आकड्यावरच खिळलेले असतात. परंतु घर हातात राहते की विकावे लागते, हे कर्जाचा हप्ता, इमारतीचा देखभाल खर्च, मालमत्ता कर आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च यांच्या बेरजेवर ठरते.

तुझ्याच भागातल्या गिरणी कामगारांच्या घरांकडे पाहा. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असलेला कामगार, अथवा त्याचा वारस, या घरांसाठी पात्र ठरतो. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे होती आणि किंमत साडेसात लाख रुपये होती. मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाईंग, स्प्रिंग आणि श्रीनिवास गिरण्यांच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत निघाली, तेव्हा २२५ चौरस फुटांच्या घराला साडेनऊ लाख रुपये पडले. दादर-वडाळ्यासारख्या ठिकाणी हा दर जवळजवळ अविश्वसनीय आहे, आणि तो मिळवण्यासाठी कामगार संघटनांनी किती वर्षे मोर्चे काढले हे तुझ्या पिढीला सहसा माहीत नसते. याउलट पनवेलजवळच्या कोन येथील घरांची सोडत २०१६ मध्ये निघाली, पण ताबा मिळण्यास अनेक वर्षे गेली. मधल्या काळात ती घरे करोना रुग्णांच्या विलगीकरणासाठी वापरली गेली आणि पुढे देखभाल शुल्काच्या रकमेवरून कामगारांना दाद मागावी लागली. परळला भाजीची गाडी लावणाऱ्या बाईला कोनचे घर स्वस्त पडेल की महाग, याचे उत्तर किमतीच्या रकान्यात सापडणार नाही. विरार-बोळींजची म्हाडाची हजारो घरे पाण्याच्या प्रश्नामुळे आणि किमतीमुळे दीर्घकाळ विक्रीविना पडून होती, हेही अशा वेळी आठवावे.

आता सर्वसाधारण सोडतीविषयी. २०२४ मध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या २,०३० घरांसाठी १ लाख १३ हजारांहून अधिक अर्ज आले, म्हणजे सरासरी पंचावन्न-छप्पन अर्जांमागे एक घर. यामुळे अर्ज करू नये असे मी म्हणत नाही. अनामत रक्कम अयशस्वी अर्जदाराला परत मिळते, तेव्हा अर्ज अवश्य करावा. मात्र घर लागेलच असे धरून मुलीचे लग्न किंवा भाड्याच्या खोलीचा करार लांबणीवर टाकणाऱ्यांना वेळीच थांबवावे.

उत्पन्न गटाबाबत लोक हमखास गोंधळतात. मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असल्यास अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प आणि १२ लाखांपर्यंत मध्यम गट धरतात, आणि ‘कौटुंबिक’ म्हणजे अर्जदार व त्याची पत्नी किंवा पती एवढेच. एकाच खोलीत राहणाऱ्या आईवडिलांची किंवा भावाची कमाई त्यात मिळवायची नाही. ही एक गोष्ट नीट न कळल्यामुळे माणसे वरच्या गटात अर्ज करतात आणि न परवडणाऱ्या घराच्या मागे लागतात. २०२३ पासून कागदपत्रांची तपासणी सोडतीच्या आधीच होते, त्यामुळे अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा पुरावा जाहिरात निघण्यापूर्वीच तयार ठेवायला सांग.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात गृहकर्जाच्या व्याजावर एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान मिळू शकते, पण घराची किंमत ३५ लाखांच्या आत असावी लागते. परळमध्ये खुल्या बाजारातले घर त्या किमतीत मिळणे अशक्यच. बदलापूर, नालासोपाऱ्याकडे पाहणाऱ्या कुटुंबांसाठी मात्र ही रक्कम क्षुल्लक नाही. देशात कुठेही पक्के घर नावावर नसावे, ही या योजनेची अट आहे. गावचे घर नावावर असलेल्या कोकणातल्या वा घाटावरच्या कुटुंबांचे काम इथे अडते, म्हणून सातबारा व घरपट्टी कोणाच्या नावावर आहे हे आधी विचारावे, आणि अवघडल्यासारखे वाटले तरी विचारावेच.

दलालांबद्दल सौम्य बोलू नकोस. म्हाडाने कोणालाही मध्यस्थ म्हणून नेमलेले नाही, आणि सोडत संगणकीय असल्याने ‘नंबर लावून देतो’ हे आश्वासन निव्वळ फसवणूक असते.

गिरणी कामगारांच्या प्रकरणांत मूळ कामगार बहुधा हयात नसतो. अशा वेळी घर लागल्यावर भावंडांत वाद उभा राहतो आणि वारसाचे कागद अडकल्याने ताबाही रखडतो. म्हणून अर्जाची चौकशी करायला कोणी आले, तर त्याच आठवड्यात सगळ्या वारसांना एकत्र बोलवून ना-हरकत लेखी घ्यायला लाव. मुंबईत नसलेल्या बहिणींनाही त्यातून वगळू देऊ नकोस.

तुझा,
काका